संस्काराचं पुरे झालं, आता डिस्चार्जनंतरचं बोला

दर दोन-चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरून येतो. खिडकीत बसलेली म्हातारी, खाली 'पोरगा परदेशात, आई वृद्धाश्रमात', आणि शेवटी हात जोडलेले. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्या दिवशी पुढारी शाल-श्रीफळ देतात, श्रावणबाळाची गोष्ट सांगतात आणि गाडीत बसून निघून जातात. टाळ्या पडतात. स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या. आपल्या धाराशिव जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात ते पोरांना संस्कार नाहीत म्हणून कमी आणि दवाखान्याच्या गेटबाहेर सरकार नावाची गोष्टच संपते म्हणून जास्त.

माझी आत्या ७८ वर्षांची. मूलबाळ नाही, मालक जाऊन वीस वर्षं झाली, कळंब तालुक्यात गावाकडं एकटीच राहायची. न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय, त्यावर झालं. कार्ड काढताना तिचा अंगठा उठेना. सगळा जन्म खुरपं धरलेल्या हाताला रेषा कुठून राहणार? तीन चकरा झाल्या. पण झालं. ऑपरेशनला खिशातून रुपया गेला नाही, आणि जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणतो.

पुढचं ऐका. सहाव्या दिवशी डिस्चार्ज. डॉक्टर भले होते, पण बाहेर पेशंटची रांग. उभ्या उभ्या सांगितलं, "दर दोन तासाला कूस बदला, पाठीला हवा लागू द्या, व्यायाम करून घ्या, दहा दिवसांनी टाके काढायला आणा." मी विचारलं, व्यायाम कुणी करून घ्यायचा? "घरचेच करतात की सगळे."

घरचे म्हणजे कोण, ते सांगतो. भाऊ चाकणला कंपनीत, बारा तासांची ड्युटी. मी इथं, दुकान. राहिली माझी बायको, जी अंगणवाडीचं काम करून, दोन पोरांचे डबे करून, रात्री दोन वाजता गजर लावून आत्याची कूस बदलायला उठायची. 'घरचे सेवा करतात' या वाक्यातले घरचे बहुतेक वेळा एक बाईच असते. तिचं नाव कुठल्याच योजनेत नाही, आणि पाठीला जखम झाली की पहिला बोल तिलाच लागतो. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर तीही नसते. भूम, वाशी, कळंबकडची कुठलीही वस्ती दिवाळीनंतर बघा. म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं, एवढंच मागं राहतं. कोण कुणाला सांभाळतंय हेच कळत नाही.

दवाखान्यातून घरी न्यायची गाडी हाही एक विषयच आहे. १०८ तातडीच्या पेशंटला आणायला आहे, बरा होऊन घरी जाणाऱ्याला सोडायला नाही. बाळंतिणीला मात्र सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला फुकट गाडी मिळते, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून. उत्तम योजना आहे, तिनं किती बाळंतिणींची सोय झाली. मग खुब्यात सळई घातलेल्या, बसताही न येणाऱ्या बाईला ती का नाही? खासगी गाडीवाल्यानं चार हजार घेतले. आडवं झोपून जाणाऱ्या माणसासमोर घासाघीस तरी काय करणार?

तीन आठवड्यांत माकडहाडाशी जखम पडली. आधी लाल डाग, मग फोड, मग आत बोट जाईल एवढी. गावातला एक कंपाउंडर दोनशे रुपयांत ड्रेसिंग करून जायचा, तेही त्याला वेळ असेल तेव्हा. शेवटी पुन्हा ॲडमिट. म्हणजे बघा, जखम चिघळल्यावर भरती करायला कार्ड चालतं. ती चिघळू नये म्हणून आठवड्यातून दोनदा नर्स घरी यायला कार्ड चालत नाही. योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेत, पण ते औषधं-तपासण्यांपुरते. मोडलेला खुबा १५ दिवसांत चालायला लागतो का हो?

मग लोक म्हणाले, नर्सिंग होमला ठेवा. आपल्याकडं नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचा नाहीतर अपेंडिक्सचा खासगी दवाखाना, दोन दिवस राहायचं आणि बिल भरून निघायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिनोन्‌महिने सांभाळणारी जागा, याला आपल्या भाषेत धड शब्दसुद्धा नाही. मी चार वृद्धाश्रमांना फोन लावले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "चालतात का? स्वतःचं स्वतः करतात का?" नाही म्हटलं की बोलणं संपलं. त्यांना तरी काय बोलू, देणगीवर चालणाऱ्या जागा, रात्रीला माणूस नाही. पुण्यातल्या एका केअर सेंटरनं महिन्याला २५ हजार सांगितले, डायपर आणि औषधं वेगळी. आत्याला निराधारांच्या योजनेतून महिन्याला १५०० मिळतात, दिवसाला पन्नास रुपये. दिवसभराचे डायपरसुद्धा त्यात बसत नाहीत. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा तर ८० वर्षांच्या आतल्या माणसासाठी २००७ पासून महिना २०० रुपयांवरच आहे. त्या दोनशेत तेव्हा काय यायचं आणि आज काय येतं, हे किराणा भरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

आता कायदा बघा, कारण खरी मेख तिथं आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७. पोरांनी सांभाळलं नाही तर प्रांताकडं अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाईकाला मालमत्ता मिळणार, त्याच्यावर जबाबदारी. म्हणजे मी. हरकत नाही, मी करतोच आहे.

पण त्याच कायद्याचं कलम १९ आणि २० कुणी वाचलंय का? कलम १९ म्हणतं की राज्य सरकार टप्प्याटप्प्यानं, निदान जिल्ह्याला एक, १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढू शकेल. 'शकेल' बरं का, 'काढेल' नाही. कलम २० मध्ये सरकारी दवाखान्यात शक्य तितक्या ज्येष्ठांना खाटा, वेगळी रांग, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरच्या हाताखाली सोय, असं लिहिलंय. पोरानं कर्तव्य चुकवलं की कैद. सरकारनं चुकवलं की काय? काही नाही. त्याला 'शकेल' आणि 'शक्य तितकं' अशी पळवाट ठेवलेली. कायदा करणारे आणि श्रावणबाळाची गोष्ट सांगणारे एकाच पंगतीला बसलेत.

कागदावर आणखी आहे. २०१०-११ ला केंद्रानं वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा वॉर्ड, फिजिओथेरपी, आणि उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यानं अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाऊन बघायचं, असं सगळं त्यात आहे. माझ्या आत्याच्या घरी या कार्यक्रमातून आजवर कुणी आलेलं नाही. पल्स पोलिओला येतात, पोरांची उंची-वजन घ्यायला येतात, यायलाच पाहिजे. म्हणजे घर सापडत नाही असं नाही.

"पैसा कुठाय?" हे उत्तर मला पाठ आहे. केरळनं २००८ साली धोरण करून हे काम ग्रामपंचायतींच्या गळ्यात घातलं. तिथं पंचायतीची नर्स खाटेवरच्या माणसाच्या घरी जाऊन ड्रेसिंग करते, नळी बदलते. केरळ लांब वाटतं? मग भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडला बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायांना शिकवून आरोग्य सेविका केलं, जगभरची माणसं ते बघायला आली. तेही नको? आपल्याच तुळजापूर तालुक्यातलं अणदूर घ्या. डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. जखम धुणं, कूस बदलायला शिकवणं, लाल डाग दिसला की फोन करणं, याला एमबीबीएस लागत नाही. महिन्याला पगार लागतो आणि वर कुणीतरी विचारणारं लागतं. मानधन नव्हे, पगार. सेवा-सेवा म्हणून आशाताईंकडून जे फुकटात उरकून घेतलं जातं, त्यात हेही ढकलणार असाल तर आधीच माझा विरोध लिहून ठेवा.

२०२२ पासून आपल्याकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. २०१८ पासून आकांक्षित जिल्हा म्हणून दिल्लीच्या यादीत नाव आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठका होतात, रस्त्याचे आणि हायमास्टचे आकडे पेपरात येतात. त्या बैठकीत एकदा, फक्त एकदा, कुणीतरी विचारावं: खाटेवरच्या म्हाताऱ्यांसाठी तालुक्याला दोन नर्स आणि घरी सोडायची एक गाडी, एवढ्याला किती लागतील? आठ तालुके आहेत, सोळा नर्स झाल्या. एखाद्या स्वागत कमानीच्या खर्चाशेजारी हा आकडा मांडून दाखवा.

आणि जे पोरगं खरंच आईला टाकून देतं त्याचं काय? त्याला कायदा लावा, माझी ना नाही. पण शंभरातल्या त्या चार-दोघांचं नाव पुढं करून बाकीच्यांना गप्प बसवू नका. रात्री दोनचा गजर लावून उठणाऱ्या बाईला संस्कारावरचं भाषण ऐकवायचं असेल तर एक रात्र तिच्या जागी बसून मग ऐकवा.

सोमवारी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. त्यात तीन गोष्टी मागतोय. वृद्धांसाठीच्या १० खाटा जिल्ह्यात कुठल्या वॉर्डात आहेत आणि गेल्या वर्षात तिथं किती जण भरती झाले. उपकेंद्रांकडून अंथरुणावरच्या ज्येष्ठांच्या किती घरभेटी झाल्या, तालुकावार. आणि कलम १९ खाली जिल्ह्यासाठी आजवर काय प्रस्ताव गेला, त्याची प्रत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकट्याचा अर्ज कोपऱ्यात पडतो, आठही तालुक्यांतून गेले तर पडणार नाहीत. अर्जाचा मसुदा तयार आहे. ज्यांच्या घरात खाटेवर माणूस आहे त्यांनी मेसेज करा, फक्त तालुक्याचं नाव लिहा, पाठवतो. उमरगा आणि लोहाऱ्याकडनं अजून कुणीच नाही.