रुळांवरचे बीजगणित

१८७८ साली दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि भीमाकाठचे दौंड जंक्शन बनले. जेथे अनेक दिशांच्या गाड्या एकत्र येतात, तेथे कोणती गाडी कोठे थोपवावी हे आधीच ठरवावे लागते. त्यासाठी रेल्वे जे साधन वापरते ते म्हणजे आलेख. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ओळीने स्थानके आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेषा. नियंत्रण कक्षात ही रेषा पूर्वी पेन्सिलीने ओढली जाई; आता ती संगणकाच्या पडद्यावर उमटते.

दौंडमधील दहावीच्या विद्यार्थ्याला मात्र यातले काही सांगितले जात नाही. २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकांत रेषीय समीकरणांचे आलेख गणिताच्या पहिल्या भागात आहेत, तर रेषेचा चढ दुसऱ्या भागात. मुले एकीकडे कोष्टक भरून बिंदू जोडतात आणि दुसरीकडे सूत्रात किमती घालतात. हे दोन्ही एकाच रेषेविषयी आहे, हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

उदाहरण दौंडचेच घ्यावे. पुण्यापासून दौंड सुमारे ७५ किलोमीटर. पुण्याहून ताशी ६० किलोमीटर वेगाने जलद गाडी निघाली आणि त्याच क्षणी दौंडहून सोलापूरच्या दिशेने ताशी ३० किलोमीटर वेगाची मालगाडी सुटली, असे मानू. क्ष हे तास आणि य हे पुण्यापासूनचे अंतर धरल्यास पहिलीचे समीकरण य = ६०क्ष, दुसरीचे य = ३०क्ष + ७५. क्षचा गुणक हा रेषेचा चढ, म्हणजेच गाडीचा वेग. ७५ हा रेषेने उभ्या अक्षावर केलेला छेद. घड्याळ सुरू झाले त्या क्षणी मालगाडी कोठे उभी होती, एवढेच तो सांगतो. या दोन गोष्टी हाती आल्या की कोष्टकावाचून रेषा काढता येते. दोन्ही रेषा अडीच तासांनी, १५० किलोमीटरवर छेदतात. तेथे बाजूचा रूळ नसेल, तर मालगाडी त्याआधीच्या स्थानकातच बाजूला घ्यावी लागेल. परीक्षेत ज्याला ‘उकल’ म्हणून दोन गुण मिळतात, ते रुळावर असे दिसते.

उलट दिशेने येणाऱ्या गाडीचा चढ ऋण, थांबलेल्या गाडीची रेषा आडवी. उभी रेषा मात्र कोणत्याच गाडीची असू शकत नाही. एकाच क्षणी सर्व स्थानकांत हजर राहणे अद्याप रेल्वेला साधलेले नाही.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही. वेळापत्रक आणि आलेखाचा कागद पुरतो. उरुळी, यवत, केडगाव, पाटस या स्थानकांच्या वेळा घेऊन मुलांनी एका गाडीचे बिंदू मांडले, तर ते नेमके एका रेषेत येणार नाहीत. ते का येत नाहीत, हा प्रश्न मुलेच विचारतील. त्याच्या उत्तरासाठी एक तासिका राखून ठेवावी.