टाकलेल्या बादलीचा गेटपास

मे महिन्यात सत्रपरीक्षा संपल्या की रायपुरातील जी.ई. रोडच्या आसपास, आमानाका, डगनिया, कोटा या वस्त्यांतून, एक मोठे स्थलांतर सुरू होते. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ चे. त्याला लागूनच राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान आहे, आणि २०१२ पासून टाटीबंधला एम्सही आहे. शेवटच्या वर्षाची मुले दोन बॅगा घेऊन गाडीत बसतात. मागे उरतात गाद्या, बादल्या, टेबलपंखे, कूलर, इस्त्र्या, ड्राफ्टर, प्रयोगशाळेचे पांढरे कोट आणि स्पर्धापरीक्षांची जाडजूड पुस्तके.

या वस्तूंना आपण कचरा म्हणतो, आणि माझा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येणारा नवा विद्यार्थी नेमक्या याच वस्तू पुऱ्या किमतीला विकत घेतो. म्हणजे मागणी आहे, पुरवठा आहे आणि किंमतही आहे. दोहोंमध्ये अंतर आहे ते केवळ आठ-दहा आठवड्यांचे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळेल की येथे उणीव आहे ती साठवणीची आणि ती करणाऱ्या माणसाची. तो माणूस फाटकाबाहेर उभाच असतो. आपण त्याला आत येऊ देत नाही.

गेल्या मे महिन्यात भाचीचे सामान आणण्यासाठी एका वसतिगृहात गेलो होतो. फाटकावर सुरक्षारक्षक एका कंत्राटी सफाई कामगार बाईंच्या पिशवीची झडती घेत होता. आतून निघाले दोन स्टीलचे डबे आणि एक इस्त्री. "नोनी हर दे के गे हे, साहेब," बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मुलीनेच दिले, पण ती मुलगी तोवर गावी निघून गेली होती. गेटपास नव्हता, म्हणून डबे कार्यालयात जमा झाले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की कार्यालयाने जमलेले सर्व सामान कंत्राटदाराच्या ट्रॉलीत भरून दिले.

असे का होते? शासकीय मालासाठी आपल्याकडे सामान्य वित्तीय नियम, २०१७ आहेत. अतिरिक्त, कालबाह्य आणि निरुपयोगी वस्तूंची विल्हेवाट कशी लावावी, दोन लाखांहून अधिक मूल्याचा माल निविदेने वा लिलावाने कसा विकावा, हे त्यांत सांगितले आहे. विद्यार्थ्याची बादली मात्र स्टॉक रजिस्टरवर कधी चढलेलीच नसते, आणि जे चढले नाही ते उतरवायचे कसे? अधीक्षक बिचारा सर्वांत निर्धोक मार्ग धरतो. ट्रॉलीत गेलेल्या वस्तूवर लेखापरीक्षक आक्षेप घेत नाही. बाईंच्या पिशवीत गेलेल्या वस्तूवर तो घेईल, ही भीती असते. आमच्या कारभारात वाया घालविण्यास परवानगी लागत नाही, वाचविण्यास लागते.

कायदा इतका आंधळा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार वस्तू कोणाच्या तरी ताब्यातून त्याच्या संमतीवाचून हलविली गेली तरच चोरी. हातोहात दिलेल्या डब्यात चोरी कुठली? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संस्थांना स्पष्ट सांगितले होते की पुनर्वापरायोग्य माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे सोपवावा. इतकी वर्षे लोटली, पण ते वाक्य फाटकापर्यंत पोचलेले नाही.

बोस्टनमध्ये शिकलेल्या वाचकांना १ सप्टेंबर आठवत असेल. त्या दिवशी असंख्य घरभाड्यांचे करार एकदम बदलतात, ऑलस्टन भागातील पदपथांवर पलंग नि टेबले येऊन पडतात, आणि विद्यार्थी त्यास 'ऑलस्टनचा नाताळ' म्हणतात. आपले पहिले टेबल पदपथावरून उचलले, हे आपण पुढे दिवाणखान्यात कौतुकाने सांगतो. तेच काम रायपुरात देवार समाजाच्या स्त्रीने केले तर रखवालदार काठी उगारतो. एकेकाळी रुंजू वाजवीत गाथा गाणारा हा समाज. त्यातल्या कित्येकांच्या वाट्याला आज कचरा वेचणे आले आहे. आक्षेप वस्तू उचलण्यास नसतो, उचलणाऱ्या हातास असतो.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. याच दिवसांत लॅपटॉप नि मोबाइल चोरीस जातात. पण त्यासाठी देणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी पुरेशी आहे. मला अधिक धास्ती वाटते ती सद्भावनेची. हल्ली काही ठिकाणी विद्यार्थी मंडळे चांगले सामान निवडून दानासाठी नेतात, छायाचित्रे काढतात आणि वेचकांसाठी चिंध्या ठेवतात. हे दान ज्याच्या कमाईतून कापले जाते, त्याला कोणी विचारलेले नसते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून हेच सांगत आली की वेचणे हे काम आहे आणि कामाला हक्क असतो. याच राज्यातील अंबिकापूरने २०१५ पासून बचतगटांच्या स्त्रियांकडे घरोघरचा कचरा सोपविला. वर्गीकरण त्याच करतात, विक्रीही त्याच करतात.

म्हणून माझी मागणी अर्ध्या पानाच्या आदेशाची आहे. प्रत्येक मजल्यावर एक खोली दहा दिवस उघडी ठेवावी. पहिले तीन दिवस वसतिगृहाच्या सफाई कामगारांचे, पुढचे ओळखपत्रधारक कचरावेचकांचे. उरलेले नव्या तुकडीसाठी कुलूपबंद ठेवावे. चिठ्ठी असेल तर झडती नको. यासाठी मंत्रालयात धारिका पाठविण्याचे कारण नाही, कुलसचिवांची सही पुरते. मात्र ती एप्रिलअखेर व्हावी. नवतपा सरला की जूनच्या मध्यास येथे पाऊस येतो, आणि उघड्यावर भिजलेली कापसाची गादी कोणी घेत नाही.