गिरमिट संपले, ठेकेदारी कधी संपणार?

पहाटे पाच वाजता निगडीला किंवा भोसरीच्या नाक्यावर उभे राहून पाहा. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर, वाशीमकडून आलेल्या ट्रॅव्हल्स थांबतात आणि पाठीला बॅग, हातात पिशवी घेतलेली पोरे उतरतात. बॅगेत आयटीआयचे किंवा बारावीचे सर्टिफिकेट, जातीचा दाखला आणि आईने बांधून दिलेल्या भाकरी. त्यांतील निम्म्या पोरांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. ही पोरे चाकणला कामाला चालली आहेत. त्यांना पाहिले की आम्हाला मॉरिशस आठवते.

वाचक म्हणतील, कुठे चाकण आणि कुठे मॉरिशस? सांगतो. 1834 साली इंग्रजांनी त्या उष्ण बेटावरच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर न्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तिथली गुलामी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना गुलामांच्या जागी स्वस्त हात हवे होते. सन 1920 पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसेही होती. कुणबी, मराठा होते, तसे गावकुसाबाहेरचेही होते. गावात पोट भरत नव्हते, सावकार आणि पाटील जगू देत नव्हते, म्हणून गेली. ॲग्रीमेंट या शब्दाचे आपल्या माणसांनी गिरमिट केले आणि त्या कागदावर अंगठा देऊन ते जहाजात बसले.

बेटावर काम मिळाले, पण जगणे परवडले का? एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की पोलीस त्याला उनाड ठरवून आत टाकत. ज्या बंदरावर ही माणसे उतरली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. जगाने मान्य केले की हा इतिहास विसरायचा नाही. आम्ही मात्र तोच इतिहास घराजवळ पुन्हा घडताना पाहतो आणि त्याला विकास म्हणतो!

आमच्या नात्यातला एक पोरगा महाळुंग्याला राहतो. एका खोलीत सहा जण. तिघे दिवसपाळीला, तिघे रातपाळीला, म्हणजे अंथरूण कधी थंडच होत नाही. ठेकेदाराकडून हातात चौदा हजार येतात. खोली, लाईटबिल, मेस, मोबाईल आणि गावाकडे बहिणीच्या शिक्षणाला पाठवायचे पैसे वजा केले की महिनाअखेरीस चहासाठी उसने मागावे लागतात. एक दिवस ताप आला म्हणून घरी राहिला, तर त्या दिवसाचा पगार गेलाच, वर महिन्याचा हजेरी भत्ताही गेला. मॉरिशसच्या मळेवाल्याने याहून वेगळे काय केले होते? सात महिने झाले की ब्रेक, पुन्हा नवा ठेकेदार, पुन्हा नवा गेटपास. भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते कुठे अडकले ते शोधायला सुट्टी कोण देणार?

खोली मिळवण्याची कथा तर वेगळीच. घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर "तुमच्यात लग्न कसे लागते?" असे विचारतो. मग खोली अचानक "कालच गेलेली" असते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला कापडखात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. तो विटाळ आता खोलीच्या कुलपात जाऊन बसला आहे, एवढाच फरक!

या भागाने वेगळे दिवसही पाहिले आहेत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. अशा सरकारी कारखान्यांत राखीव जागा होत्या, कायम नोकरी होती, वसाहतीत घर होते. त्या पगारावर आमची एक पिढी उभी राहिली, पोरे शिकली, विहारे बांधली गेली. पुढे तो कारखाना आजारी पडला. चाकणला खासगी मोटार कारखाने आले. तिथे राखीव जागा नाहीत आणि लाईनवर मोठ्या संख्येने ठेकेदाराचीच माणसे. आरक्षण कागदावर जिवंत ठेवून नोकरीच पळवायची, हा डाव आम्ही कधी ओळखणार?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या बिलाविरुद्ध ते रस्त्यावर उतरले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला. आणि सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे काम 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली! म्हणे, कामगाराची संमती लागेल. ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या हाती, तो "नाही" कसा म्हणणार? गिरमिटावरचा अंगठाही संमतीचाच होता.

नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली, हे मालकांच्या सोयीचे. पण प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र आणि मुदतीच्या नोकरीत एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही त्यातच लिहिले आहे. आपल्या किती पोरांना हे ठाऊक आहे? कोण सांगणार त्यांना?

इथे आम्हाला आमच्याच लोकांना प्रश्न विचारावा लागतो. भीमजयंतीला चाकण-भोसरीत कमानी उभ्या राहतात, डीजे लागतात, फ्लेक्सवर पन्नास चेहरे झळकतात. त्यांतील एक तरी चेहरा कंपनीच्या गेटवर पोरांचे नियुक्तीपत्र मागायला गेला का? विहारात रविवारी वंदना होते, चांगलेच आहे. वंदनेनंतर एक तास पीएफचा, पगारपत्रकाचा, अपघात भरपाईचा ठेवायला काय हरकत आहे? गटातटाच्या नेत्यांनी आपापली दुकाने चालवावीत, पण चाकणच्या ठेका कामगारांची एक संघटना तरी मिळून उभी करावी. सरकारकडे तीन गोष्टी ठणकावून मागाव्यात: खासगी उद्योगांत आरक्षण, औद्योगिक पट्ट्यात कामगारांसाठी वसतिगृहे आणि कायम कामाला कायम कामगार.

मॉरिशसचा मळेवाला 1870 नंतर अडचणीत आला, तेव्हा त्याने जमिनीचे तुकडे विकले. पै-पै साठवलेल्या काही गिरमिटियांनी ते घेतले, पोरे शिकवली आणि त्यांचीच नातवंडे त्या देशाच्या कारभारात बसली. आमचा चाकणचा पोरगा दहा वर्षे राबला तरी इथे अर्धा गुंठा घेऊ शकत नाही. समुद्र ओलांडून गेलेल्याला जे मिळाले, ते जिल्हा ओलांडून आलेल्याला का मिळू नये? हा प्रश्न त्या पोरांच्या तोंडून गेटवर उमटेल, त्या दिवशीच ठेकेदारी हलेल. तोवर कमानी कितीही उंच बांधा, सारे व्यर्थ आहे!

जयभीम!