शर्यतीला निघालेल्या मुलाला काय सांगायचं

गेली काही वर्षं आपल्या घरांतून एक नवीन तक्रार ऐकू येते. मुलाने चाळिशी ओलांडली, पोट थोडं सुटलं, आणि एक दिवस त्याने डोंगरात चालवायची सायकल आणली. जाड टायर, पुढे-मागे धक्के झेलणारे शॉक, आणि किंमत ऐकली तर आपल्यालाच धक्का. शुक्रवारी पहाटे चारला उठून तो बेन शेमेनच्या जंगलात नाहीतर येरुहामकडे जातो, शब्बाथच्या आत कोपरं खरचटून परत येतो, आणि आता म्हणतो, शर्यतीत नाव घातलंय. मग त्याच्या आईचा मला फोन येतो. "बाई, तुम्ही कुपत होलीममध्ये इतकी वर्षं नर्स होतात, जरा समजवा हो त्याला. हे काय वय आहे?"

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते बहुतेक आयांना आवडत नाही. मी समजावत नाही. चाळिशी-पन्नाशीतला माणूस आठवड्यातून चार दिवस सायकल मारतो, वजन उतरवतो, सिगारेट सोडतो, रात्री वेळेवर झोपतो, यात अडवण्यासारखं काय आहे? नियमित व्यायाम करणाऱ्याचं हृदय न करणाऱ्यापेक्षा एकंदरीत सुरक्षित असतं, यात आता वाद उरलेला नाही. धोका असतो तो बसून राहिलेल्या माणसाने एकदम जोर लावण्यात, किंवा आत काहीतरी दुखणं लपलेलं असताना जोर लावण्यात. आणि त्या लपलेल्या दुखण्याचा माग काढायला जी माहिती लागते, ती बऱ्याचदा मुलाच्या हातातल्या महागड्या घड्याळात नसते, आपल्याकडे असते. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी या शर्यती म्हणजे काय ते थोडक्यात, कारण पुष्कळांना वाटतं की हे टेलिव्हिजनवरच्या व्यावसायिक खेळाडूंचं काम. तसं नाही. पोटासाठी दुसरं काम करणारी, हौसेने उतरणारी माणसंच यात जास्त. आपल्याकडची 'एपिक इस्राएल' तीन दिवसांची, जोडीने चालवायची शर्यत आहे. दक्षिण आफ्रिकेतली 'केप एपिक' आठ दिवस चालते. तिथे जोडीदारांनी एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा जास्त लांब जायचं नाही असा नियमच आहे. (पन्नास वर्षं संसार केलेल्यांनाही हा नियम जड जाईल.) दुसरा प्रकार साहस शर्यतीचा. त्यात सायकल, पायी डोंगर, होडी असं सगळं येतं, नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट आपली आपण शोधायची, आणि मोठ्या शर्यतींत रात्रीची झोपही सोडायची. आपल्या जुन्या मुलखातही हे वेड पोचलं आहे. पुण्याजवळ सह्याद्रीत 'एंड्युरो थ्री' नावाची तिघातिघांच्या टीमची शर्यत होते. नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे दोघे भाऊ व्यवसायाने डॉक्टर. २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत जोडीने पुरी केली. ती डोंगरातली नव्हे, रस्त्यावरची, पण दम लागतो तो तसाच. डॉक्टर माणसंच हे करतात म्हटल्यावर आपण "वेडेपणा" म्हणून किती दिवस नाक मुरडणार?

आता एक सवय, जी आपण आयांनी सोडली पाहिजे. "पाणी पी, पाणी पी" हा आपला मंत्र. नेगेवच्या उन्हात तो खरा आहे, पण पाच-सहा तासांच्या शर्यतीत तहान नसताना नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, झटकेही येऊ शकतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाजतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं. तेव्हा मुलाला सांगायचं ते असं: तहानेप्रमाणे पी, आणि बरोबर खारट काही खा. दुसरं, गुडघा दुखतो म्हणून शर्यतीच्या मध्ये आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नकोस. घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना त्या मूत्रपिंडाला इजा करतात. तिसरं, शरावच्या दिवशी कोणी असंबद्ध बोलायला लागलं आणि अंग तापलं असेल, तर आधी सावलीत घेऊन गार पाण्याने भिजवायचं आणि लगेच १०१ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. हे एवढं त्यांना बहुधा माहीत असतं. नसलं तर हा अंक दाखवा.

हृदयाची गोष्ट वेगळी आहे. शहरात कोणी कोसळलं तर मागेन दाविद अदोमची गाडी लवकर येते. डोंगरातल्या एका सायकलीपुरत्या वाटेवर ती कशी येणार? हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं किंवा विजेचा झटका देणं झालं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून जे काही करायचं ते घरी, शर्यतीच्या आधी.

पस्तिशीनंतर खेळताना अचानक मृत्यू येतो तो बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठून. आणि इथे आपल्या लोकांनी जास्त सावध राहायला हवं. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दिसलं, की भारत आणि त्याच्या शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येतो तेव्हा त्यांचं वय साधारण ५३ असतं, आणि इतरांचं ५९ च्या आसपास. आपण बेने इस्राएल नवगावच्या किनाऱ्याला लागलो त्याला कित्येक पिढ्या झाल्या. आपल्या रक्तात दोन्हीकडचा वारसा आहे हे जनुकांच्या तपासणीतही दिसलं आहे. मुलगा सब्रा असेल, मराठीत चार वाक्यंही त्याला धड येत नसतील, पण त्याच्या रक्तवाहिन्यांना ते कोणी सांगितलेलं नाही.

जिममध्ये नाव घालताना जे आरोग्याचं निवेदन भरून द्यावं लागतं, त्यात एक प्रश्न असतो. तुमच्या अगदी जवळच्या नातेवाइकांपैकी कोणी हृदयविकाराने किंवा अचानक, कमी वयात वारलं आहे का? कमी वय म्हणजे पुरुष असेल तर ५५ च्या आत, स्त्री असेल तर ६५ च्या आत. माझ्या जावयाने, वय वर्षं ४६, तिथे "नाही" अशी खूण केली होती. खोटं काही नव्हतं. त्याचे वडील ७८ वर्षांचे आहेत, देवाच्या कृपेने सिनेगॉगला चालत जातात. पण त्यांचं बायपास ५१ व्या वर्षी झालं. हल्लीच्या औषधोपचाराने माणूस वाचतो, आणि वाचला म्हणून तो त्या प्रश्नातून निसटतो. मी विहीणबाईंना फोन केला. त्या आधी म्हणाल्या, "आमच्याकडे तसं कोणाला काही नाही." मग अर्धा तास बोलल्यावर एकेक निघालं. एक दीर मुंबईत राहिले होते, ते ४६ व्या वर्षी लोकल पकडताना फलाटावरच कोसळले. दुसरे त्याच्याही आधी, बावीस वर्षांचे असताना रेवदंड्याला बुडाले. "पोहायला कसे होते?" मी विचारलं. "अगं, माशासारखा पोहायचा तो!"

हे ऐकून माझे कान टवकारले. पट्टीचा पोहणारा तरुण शांत पाण्यात बुडतो, तेव्हा कधी कधी कारण पाणी नसतं, हृदयाचे ठोके अचानक बिघडणं हे असतं, आणि असा दोष घराण्यात उतरू शकतो. पुष्कळदा तो साध्या कार्डिओग्रामच्या पट्टीत दिसतो, पण बघणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत हवं. जावयाने ही सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवली. कार्डिओग्राम, इको आणि चालत्या पट्ट्यावरची तपासणी झाली. ठोक्यांचा दोष निघाला नाही. कोलेस्टेरॉल मात्र बरंच वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी तो शर्यतीला गेला आणि शेवटून तिसरा आला. मुलगी म्हणते, घरात आता ढाल ठेवल्यासारखं त्याचं हेल्मेट ठेवलंय.

एक लक्षात घ्या, पट्ट्यावरची तपासणी चांगली आली म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ असं होत नाही. ज्या अडथळ्याने रक्त कमी पडतं तो त्यात दिसतो, लहान थर दिसेलच असं नाही. म्हणून घराण्याची माहिती लागते. ती असली तर डॉक्टर आणखी खोलात जातात. लिपोप्रोटीन ए नावाचा रक्तातला एक घटक आपल्याकडच्या लोकांत बऱ्याचदा जास्त असतो आणि तो वारशाने येतो. तो एकदा तपासून घ्यायचा का, हे त्यांना विचारता येतं.

मग ही माहिती मुलांना का नसते? आपणच दिली नाही. कोकणात आणि मुंबईत आपण मृत्यूबद्दल कसं बोलायचो ते आठवा. "हार्ट फेल झालं." "झोपेतच गेला, पुण्यवान होता." "गॅस झाला म्हणून सोडा प्यायला आणि तासाभरात आटोपलं." मुलींची लग्नं व्हायची असली की तेवढंही बोलायचं नाही, घराण्याला बोट लागायला नको. त्यातून निम्मं कुटुंब तिकडे राहिलं, निम्मं इथे आलं. तिकडून तार यायची, त्यात "वारले" एवढाच शब्द. इथे लहान असलेल्या मुलांना काका मुंबईत वारले एवढं ठाऊक, कोणत्या वयात, कशाने, ते नाही. शिवाय आपल्यात नात्यात लग्नं होत, त्यामुळे एकच पणजोबा दोन्ही बाजूंनी येतो. अशा घरात माहिती लपली की दुप्पट लपते.

तेव्हा एक कागद घ्या. तुमचे आईवडील, काका, मामा, आत्या, मावश्या आणि तुमची स्वतःची भावंडं लिहा. प्रत्येकापुढे लिहा: कोणाला छातीचं दुखणं झालं, बायपास किंवा स्टेंट कोणत्या वयात, कोण अचानक गेलं, कोणाला फेफरं किंवा धावताना चक्कर येत असे, कोण बुडालं, कोण गाडी चालवताना कारण नसताना गेलं, मधुमेह कोणाला लवकर झाला. वय नक्की आठवत नसेल तर जवळपासचं लिहा. "६७ च्या युद्धाच्या वर्षी", "आमच्या थोरल्याच्या बार मिट्झवाच्या आधी" असं लिहिलं तरी हिशेब लावता येतो. मराठीत लिहा, नातवंडांकडून हिब्रूत करून घ्या. त्या निमित्ताने त्यांना ही नावंही कळतील. मुलगी सायकल चालवत असेल तर तिलाही द्या. बायकांना हे होत नाही हा समज चुकीचा आहे.

काही जागा रिकाम्या राहतील. त्यासाठी अलिबागला, ठाण्याला, मुंबईला कोणी वयस्क आत्या किंवा चुलतभाऊ असेल त्यांना फोन करा. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतं आणि ही मंडळी लवकर झोपतात, तेव्हा फोन दुपारीच लावा.