गोल्फपटूचा श्वास आणि वैद्याचे कर्तव्य

टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक हिचे पदक थोडक्यात हुकले व तिला चौथे स्थान मिळाले. त्या निमित्ताने आपल्याकडील अनेकांनी गोल्फ हा खेळ प्रथमच लक्षपूर्वक पाहिला. मुंबई-पुण्यातील वैद्यांकडे येणाऱ्या रुग्णांतही हा खेळ खेळणारे असतात. चेंडू खळीपासून चार हातांवर असताना हात थरथरतो, प्राणायामाने उपयोग होईल काय, अशी पृच्छा त्यांच्याकडून होते. याचे उत्तर होकारार्थी, परंतु मर्यादेसह द्यावे, असे आमचे मत आहे.

गोल्फची एक फेरी सुमारे चार तास चालते. प्रत्यक्ष फटक्यास मात्र काही क्षणच लागतात. उरलेला सर्व वेळ मन मोकळे असते व तेच घात करते. प्राणवायू बुद्धी, इंद्रिये व चित्त यांचे धारण करतो आणि व्यान अंगांच्या हालचाली घडवितो, हे आपणांस ज्ञात आहेच. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसारही उच्छ्वासाच्या वेळी हृदयगती मंदावते. म्हणून उच्छ्वास दीर्घ केल्यास मन व हात दोन्ही स्थिरावण्यास साह्य होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. हृदयगती व कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे गोल्फच्या स्पर्धांत निषिद्ध आहेत. जे औषधाने साधणे नियमबाह्य, त्याचा काही अंश खेळाडूला केवळ श्वासाने, निर्दोष मार्गाने साधता येतो. तथापि रक्तदाबासाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णास प्राणायामाच्या भरवशावर ते बंद करण्यास कोणीही सांगू नये. तो स्पर्धेत उतरणार असल्यास त्याने आपल्या चिकित्सकामार्फत रीतसर सवलत मागावी.

विधी साधा असावा. प्रातःकाळी घरी दहा मिनिटे अनुलोम-विलोम, कुंभकाविना. मैदानावर चेंडूमागे उभे राहून दोन-तीन सावकाश श्वास; उच्छ्वास पूरकापेक्षा लांब. फटका मारताना श्वासाचा विचार सोडून द्यावा. भस्त्रिका व कपालभाती खेळापूर्वी टाळावीत. उच्चरक्तदाब व हृद्रोग असणाऱ्यांनी कुंभकाचाही आग्रह धरू नये. हा अभ्यास सरावात आठवडेच्या आठवडे मुरवावा, स्पर्धेच्या दिवशी नव्याने आरंभू नये.

औषधविक्रेत्यांनाही आमची एक विनंती आहे. श्वासाबरोबर बाटली देण्याचा मोह आवरावा. अग्नितुंडी किंवा विषतिंदुक वटीतील काजऱ्यात स्ट्रिक्नीन असते. जातीफलादी चूर्णात विजया पडते. सोमलतेत एफेड्रिन असते. स्पर्धक खेळाडूच्या उत्तेजक-चाचणीत हे द्रव्य सापडल्यास, एफेड्रिनच्या बाबतीत ठरावीक मर्यादा ओलांडल्यास, त्याची कारकीर्द धोक्यात येते. ‘वनस्पतिजन्य आहे, अपाय नाही’ हे वाक्य तेथे उपयोगी पडत नाही. ग्राहक स्पर्धेत खेळतो काय, हे विचारूनच औषध द्यावे आणि घटकद्रव्ये स्पष्ट सांगावीत.

श्वासाने सदोष फटका सुधारत नाही, त्यासाठी प्रशिक्षकच हवा. श्वासाने एवढेच होते की, जो फटका येतो तो भीतीमुळे बिघडत नाही. एवढेच सांगावे व त्याहून अधिकाचे आश्वासन देऊ नये. आपल्या शास्त्रावरील विश्वास अशा संयमानेच वृद्धिंगत होईल.