गस्तीआधीचे तास

डेपसांग आणि डेमचोकमधली गस्त पुन्हा सुरू करण्याचा चीनबरोबरचा समझोता २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपले जवान चार वर्षांनंतर तिथल्या गस्तबिंदूंकडे निघाले. तेव्हापासून लडाखचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: गस्त कुठवर गेली, किती वेळा गेली? प्रश्न रास्त आहे. पण पायदळातल्या कुठल्याही जुन्या हवालदाराला विचारा, गस्तीचं बरंवाईट ती चौकीबाहेर पडण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. त्या आधीच्या तासांबद्दल आपण फारसं बोलत नाही.

हुकूम हातात पडला की पहिली गोष्ट म्हणजे काम एका वाक्यात बसवणं. ‘नाल्यापलीकडच्या धारेवर हालचाल आहे का, ते पहाटेपर्यंत पाहून परत येणे’ हे काम झालं. ‘परिसरावर नजर ठेवणे’ हे काम नव्हे, कारण ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. मग वेळेची वाटणी. हाताशी सहा तास असतील तर नेत्यानं दोनच तास स्वतःच्या आखणीला घ्यावेत आणि उरलेले चार आपल्या माणसांना द्यावेत, असा हिशेब अनेक देशांच्या पायदळांत शिकवतात. वरून हुकूम उशिरा आला की कात्री लागते ती या चार तासांना.

त्या चार तासांत काय होतं? चौकीच्या आडोशाला सँड मॉडेल उभं राहतं. ओल्या मातीचे उंचवटे हातानं थापले जातात. रंगवलेल्या भुशाचं रान, निळ्या दोऱ्याचा नाला, चुन्याची वाट, काडेपेट्यांची घरं. भोवती सगळी तुकडी बसते आणि नेता काठी घेऊन सांगू लागतो: चंद्र किती वाजता उगवणार, पुढे कोण, मागे कोण, थांबायचं कुठे, जखमीला कुणी उचलायचं, नेता पडला तर कमान कुणाकडे आणि तोही पडला तर त्यानंतर कुणाकडे. सांगून झालं की काठी दुसऱ्याच्या हातात जाते. तो दुसरा बऱ्याचदा तुकडीतला सगळ्यात नवा पोरगा असतो. “तू सांग, पांगापांग झाली तर भेटायचं कुठे? वाट किती वेळ बघायची?” उत्तर अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.

हुद्द्यांची उतरंड इतकी काटेकोर पाळणारी संस्था गस्तीची योजना मात्र शेवटच्या जवानापुढे पूर्ण उघडी करते, याचं मला फार मोल वाटतं. आपल्या किती कचेऱ्यांत सगळ्यात खालच्या माणसाला संपूर्ण काम समजावून सांगितलं जातं?

त्यानंतर तालीम, आधी उजेडात आणि मग अंधारात. प्रत्येकाला जागच्या जागी उड्या मारायला लावतात. काही खुळखुळलं की ते शोधून टेपनं बांधायचं. पाण्याची बाटली काठोकाठ भरायची, अर्धी बाटली चालताना डुचमळते. पाकीट, पत्रं, फोन चौकीतच ठेवायचे. वासाचा साबण त्या दिवशी नाही. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून जादा बॅटऱ्या कपड्यांच्या आत. खिशात शक्करपारे. नाईट मार्च चार्टवर प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर लिहिलेलं असतं. एक जण कंपास धरतो, दुसरा मनात पावलं मोजत जातो. आणि परतीची वाट, वेळ, परवलीचा शब्द आपल्याच पहारेकऱ्यांना पक्का माहीत हवा. अंधारातून येणारी आकृती कुणाची, हे त्यांना चेहऱ्यावरून कळणार नसतं.

तयारीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे न जाण्याचा किंवा परत फिरण्याचा अधिकार. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, ब्रिटनच्या एसएएस या विशेष दलानं इराकच्या पश्चिम वाळवंटात स्कड क्षेपणास्त्रांच्या वाटांवर नजर ठेवायला तीन छोट्या तुकड्या पाठवल्या. त्यांतली ब्राव्हो टू झिरो पुस्तकांमुळे जगभर गाजली. आठ जणांनी गाडीशिवाय जायचं ठरवलं, पाठीवरचं ओझं माणसाच्या वजनाइतकं झालं, मिळालेल्या रेडिओ फ्रिक्वेन्सी चुकीच्या निघाल्या आणि वाळवंटात बर्फ पडला. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक जण चालत सीरियात पोहोचला. दुसऱ्या एका तुकडीच्या नेत्यानं मात्र उतरताच जमीन पाहिली. उघडं मैदान, लपायला आडोसा नाही. आणलेल्या हेलिकॉप्टरनंच त्यानं आपली माणसं परत नेली. त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. माझ्या लेखी त्या मोहिमेतला सगळ्यात पक्का निर्णय त्याचा होता.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत कुरखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस खासगी वाहनातून तिकडे निघाले आणि जांभुळखेड्याजवळ पेरलेल्या सुरुंगात ते सगळे आणि वाहनाचा चालक मारले गेले. हे लष्कर नव्हे, पोलीस दल; पण जंगलातला धडा दोघांना एकच. रस्ता पायी तपासल्याशिवाय त्यावर गाडी घालायची नाही, हे त्या भागात काम केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण वाहनं जळाल्याची बातमी फुटली की ताबडतोब पोहोचण्याचा रेटा असा येतो की पाठ असलेलं बाजूला पडतं. या रेट्याचा मला राग येतो, कारण त्यात आपला, टीव्हीपुढे बसलेल्यांचाही हात असतो.

उंचावर तर निसर्गच वेळ मागतो. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार आणि त्यावर जायचं तर पुन्हा चार, इतके दिवस शरीराला विरळ हवेची सवय करावी लागते. यातला एक दिवसही कुठल्याही हुकमानं वाचवता येत नाही. एवढं करूनही १८ नोव्हेंबर २०१९ रोजी सियाचिनच्या उत्तर भागात १९ हजार फुटांवर आठ जणांची गस्त हिमस्खलनात सापडली. चार जवान आणि दोन हमाल गेले. अशा उतारांवर आज निघावं की उद्या, याचा अंदाज चंदीगडची हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण संस्था देते, पण शेवटचा शब्द तिथल्या बर्फावर रोज पाय ठेवणाऱ्याचा असायला हवा.

म्हणूनच लडाखमधल्या नव्या व्यवस्थेबद्दल मला एक काळजी वाटते. दोन्ही बाजूंनी एकमेकांना आधी कळवून गस्त घालायची, असं ठरल्याचं वृत्त आहे. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात झाली तशी झटापट टाळायला हे चांगलंच आहे. पण तारीख कळवली की ती पाळण्याचा मान-अपमान होऊन बसतो, आणि हवामान बिघडलेलं असताना, तालीम अर्धवट असताना एखाद्या तरुण लेफ्टनंटला ‘आज नको’ म्हणणं जड जातं. तारखेला दोन-तीन दिवसांची सूट हवी आणि कारण न देता ती वापरण्याची मुभा हवी. दोन्ही सैन्यांच्या कमांडरांच्या पुढच्या बैठकीत आपल्या बाजूनं हा मुद्दा मांडावा.