पोट भरले, तरी उपाशी

मुलाने बागेतला सरडा बरणीत धरून आणला की घरात काय होते? आई ओरडते, आजी लांब सरकते आणि मुलगा म्हणतो, "मी त्याला रोज खायला घालीन!" त्याची माया खरी असते. पण नुसती माया पुरते का? आज एका दूरच्या सरड्याची गोष्ट वाचा, म्हणजे उत्तर मिळेल.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शिंगवाला सरडा राहतो. तळहातावर मावेल एवढा, चपटा, अंगभर काटे. कोल्हा किंवा कुत्रा अंगावर आला तर तो चक्क डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवतो! माणसाच्या हातात मात्र सहसा शांत बसतो. हाच स्वभाव त्याला भोवला. पूर्वी मुले त्याला पकडून घरी नेत, पर्यटक आठवण म्हणून विकत घेत. पण घरी नेलेले हे सरडे फार काळ जगत नसत.

कारण त्याचे जेवण. तो मुख्यतः मुंग्या खातो, त्यातही दाणे साठवणाऱ्या मोठ्या मुंग्या. त्यांचा डंख जहाल असतो, पण सरड्याच्या रक्तात ते विष निकामी करण्याची ताकद आहे. मुंगीत कडक कवच जास्त आणि सत्त्व कमी. म्हणून त्याला ढीगभर मुंग्या लागतात. त्या मावाव्यात म्हणून त्याचे जठरही मोठे!

घरी आणल्यावर आपण त्याला देणार काय? दुकानातले नाकतोडे आणि अळ्या. कधी कधी तो ते खातोही, आणि पाळणाऱ्याला हायसे वाटते. पण ते त्याचे रोजचे अन्न नव्हे. तो हळूहळू खंगत जातो. त्यात रानातून आणलेल्या सरड्याच्या पोटात बहुधा जंत असतात. बंदिवासाच्या ताणाने तो अशक्त झाला की तेच जंत बळावतात. शिवाय कॅल्शियम अंगी लागायला कडक ऊन हवे. ते काचेच्या पेटीत कुठून येणार?

टेक्सासने १९६७ साली या सरड्यांच्या विक्रीवर बंदी आणली. १९९३ साली त्याला राज्याचा सरपटणारा प्राणी हा मानही मिळाला. तरीही तो अनेक भागांतून नाहीसा झाला. शेती आणि शहरे वाढली, बाहेरून आलेल्या आगमुंग्या पसरल्या आणि त्यांना मारायला फवारलेल्या विषाने त्याच्या मुंग्याही मेल्या. आता तिथल्या काही प्राणिसंग्रहालयांत पिल्ले वाढवून रानात सोडतात. हे तज्ज्ञांचे काम आहे, हौसेचे नाही.

आपल्याकडेही घोरपड किंवा रंग बदलणारा शॅमेलिऑन पकडणे, विकणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणी विकताना दिसले तर घेऊ नका, वनविभागाला कळवा. "बिचाऱ्याला सोडवू" म्हणून विकत घेतलात, तर विक्रेता उद्या दुसरा पकडून आणेल.

आणि बरणीतल्या त्या सरड्याचे काय? मुलाला रागावू नका. त्याच्यासोबत बागेत जा आणि सरडा जिथे सापडला, तिथेच सोडा. मग थोडे लांब बसून बघा, तो काय टिपतो, कुठे ऊन खातो. अंगणात कीटकनाशक फवारू नका. सरड्याला खायला घालायचेच असेल, तर एवढे पुरे आहे.